डाव्या गाठी

जाळ्याचं एक टोक गॅलरीच्या कठड्याला बांधलेलं आणि दुसरं माझ्या हातात. मध्ये पाटावर हिरा, पाय लांब पसरून. तिचे गुडघे दुमडत नव्हते, म्हणून ती तशीच बसायची. चाळीतला जाणारा-येणारा तिचे पाय ओलांडून जायचा. ती कोणासाठी पाय घ्यायची नाही.

“ओढा,” ती म्हणाली. मी ओढलं.

“एवढं नाय. माणूस आहात की क्रेन?”

मी सैल सोडलं.

“आता झोपलात काय?”

रोज संध्याकाळी हेच चालायचं. त्या दिवशी तिला उजेड लवकर गेल्यासारखा वाटला. मला नेहमीएवढाच वाटला होता. मूठ जाईल एवढं एकच भोक राहिलं होतं. ते तिने बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, “हे सकाळी करू. चहा झाला की लगेच होईल. मग पाणी उतरलं की, सुकतीला, मोरूकडे नेऊन देऊ.” लाकडी सुई जाळ्यात खोचली, कठड्याला धरून उठली आणि आत भात टाकायला गेली. भात टाकलासुद्धा. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच ओट्याला टेकून खाली बसली होती. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, “काय नाय, कुकर बघा.” मी कुकर बघितला. तेवढ्यात गेली.

डॉक्टर आला, पण त्याला करायला काही उरलं नव्हतं. त्याच रात्री भोईवाड्याच्या स्मशानात सगळं उरकलं. घरापासून चालत जायचं अंतर. त्या स्मशानावरून तिने जन्मभर कटकट केली, म्हणायची चाळ बदला, मला तिथून जाताना वास येतो. शेवटी तिला तिथेच नेलं. लांब न्यायला माझ्यातही काही शिल्लक नव्हतं.

हिरा ज्या संस्थेत काम करायची तिथली केतकी नावाची मुलगी मला म्हणाली, काका, काकू कशा होत्या ते चार ओळींत लिहून द्या, आम्ही पुस्तिकेत छापतो. मी चौथी शिकलेला माणूस. गिरणीत होतो, गिरणी गेल्यावर एका सोसायटीच्या गेटवर बसलो. लिहिण्याची सवय नाही. तरी सांगतो, ही बाई चार ओळींत बसायची नाही. घरात बसत नव्हती ती, तुमच्या कागदावर काय बसणार.

ती वरळीच्या कोळीवाड्यातली, मी मालवणी. आमचं लग्न दोन्ही घरांना नको होतं. माझ्या आईने तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, “मेल्या, ह्या काय हाडलंस? ह्याचो आवाज तर नाक्यार जाता.” आवाज नाक्यावर जायचाच. परळच्या बाजारात मासे विकायला बसायची तेव्हा तिच्याकडचं गिऱ्हाईक भाव करायच्या आधी दोनदा विचार करायचं. पण त्याच आईला शेवटच्या आजारात हिराच्या हातची पेज लागायची, दुसऱ्या कोणी भरवली तर थुंकून टाकायची. दोघींनी एकमेकींचं कौतुक एकदाही केलं नाही. आई गेली तेव्हा हिरा म्हणाली, “आता भांडू कोणाशी?” आणि माझ्याकडे बघितलं. त्यानंतर मी होतोच.

डावखुरी होती. पदर, कोयता, झारा, सगळं डाव्या हाताने. लहानपणी बापाकडून त्यासाठी मार खाल्ला, तरी हात बदलला नाही. सासरी पंगतीत वाढताना आईने टोकलं की पळी उजव्या हातात घ्यायची, पुढच्या पानावर परत डावा हात. बाजारात मोठी म्हावऱ्याची पाटी डोक्यावर, कमरेवर हात, तोंडात शिवी. गुडघे गेले तेव्हा बाजार सुटला. पण तिला किनाऱ्याची ओढ होती. महिन्यातून दोनदा, अमावास्या-पुनवेच्या सुमाराला, सकाळी पाणी लांब जातं, त्याला ती उधाणाची सुकती म्हणायची. तेव्हा पहिली बस पकडून वरळीला जायची आणि कातळावरून कालवं फोडून आणायची. मी सोबत. मला समुद्र आवडत नाही. पायाखाली बुळबुळीत लागलं की मी मागे फिरतो. म्हणून मी भिंतीवर बसायचो, तिच्या चपला आणि पिशवी धरून. ती खाली उतरताना एकदाही मागे न बघता चपला माझ्या दिशेने भिरकवायची. त्या झेलायच्या, एवढंच माझं काम.

तिथेच तिला केतकी भेटली. भेटली म्हणजे भांडण झालं. मी वरून बघत होतो. हिरा एक दगड उपडा करून त्याच्या खालचं काहीतरी काढत होती. ही चष्मेवाली पोरगी चिखलातून आली आणि म्हणाली, “मावशी, तो दगड परत होता तसा ठेवाल का?”

“तुझ्या बापाचा दगड आहे?”

“नाही. पण खाली बघा ना.”

“मना नको शिकवू. जलमले इथं.”

पोरगी तरी हलली नाही. उकिडवी बसली आणि दगडाच्या खालच्या बाजूला बोट दाखवत राहिली. हिरा कमरेत वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली. मला वाटलं पाठ धरली. मग बघितलं, तर तिने तो दगड दोन्ही हातांनी, तान्हं पोर पाळण्यात ठेवावं तसा खाली ठेवला.

घरी आल्यावर पिशवी मोरीत आपटली. म्हणाली, “खाली अंडी होती माशाची. चिकटवलेली. बाप राखत बसलेला, एवढासा मासा, बोटाएवढा, तो पळाला पण नाय. आणि मी एवढी वर्सं घरं उपडी टाकून आले. उन्हात मेली असतील सगळी.”

मी म्हटलं, “मासे विकून आयुष्य गेलं तुझं. आज रडतेस?”

“विकणं वेगळं. ते खायला असतं. हे फुकटचं मारणं.”

तेव्हापासून ती त्यांच्यातली झाली. संस्था म्हणजे काय, दादरला एका जुन्या इमारतीत एक खोली, एक पंखा आणि आठ-दहा पोरं. मुंबईचा किनारा, त्याचे कातळ, त्याच्यावरचे जीव वाचवायचे, हे त्यांचं काम. मी त्यांना म्हणायचो, मुंबई सगळी भराव टाकून झाली, समुद्राला आधीच ढकलून ढकलून कुठल्या कुठे नेलाय, तुम्ही आता काय वाचवणार? केतकी म्हणायची, “उरलाय तेवढा, काका.” समुद्रात रस्ता झाला तेव्हा तो उरलेलाही आखडला. कातळाचा जो तुकडा राहिला त्याच्यावर ही पोरं शाळेतल्या मुलांना, ऑफिसातल्या लोकांना घेऊन यायची आणि दाखवायची, बघा, तुमच्या शहरात हे पण राहतं. हिराचं काम होतं राखणीचं. हातात काठी, डोक्याला फडकं, कोण कुठे पाय ठेवतो त्याच्यावर नजर. जिवंत प्रवाळावर कोणाचा बूट पडला की काठी पडायची. पोटरीवर.

“उचललंस तर होतं तसं ठेव,” हे तिचं वाक्य होतं. ओली बाजू खाली, उन्हाची बाजू वर. पुढे ते घरातही सुरू झालं. डब्याचं झाकण, पेपरची घडी, देवापुढची समई. मी चष्मा शोधायला तिची पेटी उघडली तर आतून ओरडायची, “होतं तसं ठेवा.” शेजारच्या फणसे वहिनींनी आमची वाटी परत दिली तर ती कुठल्या बाजूला ठेवली होती तेही सांगायची. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊ, हिला त्या समुद्राचं लागलंय काहीतरी.”

प्राण्यांची खरी नावं तिला पाठ व्हायची नाहीत. केतकीने नाद सोडला. मग हिराने चाळीतल्या माणसांची नावं दिली. दुसऱ्याच्या शंखात घुसून राहणारा खेकडा म्हणजे तळमजल्यावरचा पोटभाडेकरू. समुद्रफूल हात लावला की मिटून घेतं, ते सासूबाई. काळी लांब समुद्रकाकडी, जी काही न करता दिवसभर एका खळग्यात पडून असते, तिला माझं नाव. शाळेतली पोरं मला भिंतीवर बसलेलं बघून हसायची, ते का हसतात हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. समुद्रफूल हा प्राणी आहे हे तर तिने शेवटपर्यंत मानलं नाही. केतकीने त्याला कोळंबीचा तुकडा भरवून दाखवला. त्याने खाल्ला. हिरा म्हणाली, “तुळशीला पाणी घालतेस, ती पिते. म्हणून काय प्राणी झाली?” केतकीने कपाळाला हात लावला.

सगळं असं हसण्यावारी जायचं नाही. एकदा संस्थेला मदत करणारे कोणी मोठे साहेब आले. सोबत फोटोवाला, चार पोरी, कापडी बॅनर. फोटोला समुद्र मागे पाहिजे म्हणून साहेब पुढच्या कातळावर चढले. नेमकं तिथेच प्रवाळ होतं. केतकी बिचारी लांबून “सर, सर” करत होती. हिरा गेली आणि बॅनरचं टोक धरून ओढलं. “उतर आधी. फोटो मग काढ. पायाखाली जीव आहे बघ, मेला काय तो.” ‘मेला’ हे साहेबांनी स्वतःला लावून घेतलं. ते निघून गेले, आणि त्यांची मदतही गेली. संस्थेतले दोन जण त्यामुळे कमी करावे लागले. त्यातला एक पोरगा लालबागचा होता, घरी जेवायला यायचा आमच्या. केतकीने पहिल्यांदा आवाज चढवला, “काकू, तुम्ही बरोबर होतात. पण बरोबर असणं म्हणजे सगळं नसतं ना!” हिरा त्या महिन्यात सुकतीला गेली नाही. दोन्ही वेळा पहाटे उठली, साडी नेसली, आणि गॅलरीत उभी राहिली. पोरगा पुढे येईनासा झाला. त्याच्यासाठी काढून ठेवलेली कोंबडीवड्यांची ताटली तिने स्वतः खाल्ली, रागाने. पण चुकले, हा शब्द तिने तेव्हा काढला नाही. त्या बाईच्या तोंडात तो शब्दच नव्हता.

आता मोरूचं सांगतो.

मोरेश्वर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा हिरानेच त्याला कडेवर वाढवला. तो तिला बाय म्हणतो. कोळीवाड्यात त्याची छोटी होडी आहे, किनाऱ्याजवळच मासेमारी करतो. बहीण संस्थेत गेली तेव्हा त्याला पटलं नाही, पण हसून घालवायचा. म्हणायचा, “भावोजी, तुमच्या बायकोच्या फुलांना पोट नाय. मना आहे. दोन पोरांना पण आहे.” तरी महिन्यातून एकदा म्हावरं घेऊन घरी यायचा, आणि तिच्याकडून शिव्या खाऊन जायचा.

कातळावर तुटकी, टाकून दिलेली नायलॉनची जाळी येऊन अडकतात. ती कुजत नाहीत. त्यात खेकडे, मासे, कधी साप अडकून मरत राहतात, वर्षानुवर्षं. संस्थेची पोरं ती जाळी कापून काढायची. हिरासाठी ते सोपं नव्हतं. कोळ्याच्या मुलीने जाळ्याला सुरी लावायची म्हणजे काय, ते मला घरात दिसायचं. पहिलं जाळं कापून आली त्या दिवशी जेवली नाही. पुढे सवय झाली. टाकलेलं जाळं आणि कामातलं जाळं यातला फरक तिला कळायचा. टाकलेल्यावर शेवाळ चढतं, रंग जातो.

मागच्या वर्षी, होळीनंतरच्या एका सुकतीला, अगदी टोकाच्या खडकावर जाळं अडकलेलं दिसलं. त्यात एक मोठी खेकडीण होती, पोटाखाली अंड्यांचा नारिंगी गोळा घेऊन. पाय सगळे गुंतलेले, एक तुटलेला. आणि पाणी परत फिरलं होतं. हाताने सोडवायला बसली असती तर भरती आली असती. हिराने सुरी काढली. एकदा सुरी लागली की तिचा हात थांबायचा नाही. तिने ते जाळं इथे कापलं, तिथे कापलं, खेकडीण सोडली आणि तुकडे गोणीत भरून, घामाघूम होऊन माझ्याकडे आली. मी चपला पुढे केल्या. म्हणाली, “सुटली. गेली भसकन खाली.” एवढी खूश मी तिला फार वेळा बघितली नाही.

तेवढ्यात होडी आली. मोरू. आदल्या रात्री त्याचं जाळं दोर तुटून वाहत गेलं होतं आणि त्याला ते खडकावर दिसलं होतं. सुकतीला काढायचं म्हणून थांबला होता. जाळ्याला त्याचा निळा प्लॅस्टिकचा डबा बांधलेला होता, खूण म्हणून. तो डबा गोणीतून बाहेर आला होता.

मोरूने डबा बघितला. बहिणीकडे बघितलं.

“बाय, जाळं दिसलं तुना. डबा नाय दिसला?”

तिने गोणीचं तोंड आवळलं.

“शेवाळ होतं त्याच्यावर? सांग. तू कोळ्याची आहेस. शेवाळ होतं?”

“खेकडीण होती,” ती म्हणाली. “गाबोळी घेऊन.”

“समुद्रात सगळ्या मुंबईची घाण येते, ती नाय दिसली तुना. भराव नाय दिसला. भावाचं जाळं दिसलं.”

तो एवढंच बोलला आणि होडी वळवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

संस्थेने नवं जाळं घेऊन द्यायचं ठरवलं. केतकी स्वतः गेली त्याच्याकडे. त्याने चहा पाजला आणि सांगितलं, संस्थेचं जाळं माझ्या होडीत चढणार नाही. त्यानंतर नारळी पुनवेला बोलावणं आलं नाही. गणपतीला आम्ही गेलो नाही. रात्री हिरा एकदाच मला म्हणाली, “डबा बघितला होता मी. रंग नाय बघितला.” मी दिवा मालवला.

भाऊबीज आली. तिने पाट मांडला, रांगोळी काढली, ताट तयार केलं. मोरू दर वर्षी दुपारी यायचा. दुपार गेली, संध्याकाळ झाली. फणसे वहिनी डोकावून गेल्या. मी म्हटलं, भाऊ नसेल आला तर बायका चंद्राला ओवाळतात, तू पण ओवाळ.

ती माझ्यावर खेकसली, “भाऊ जिता असताना चंद्राला ओवाळतात? अवदसा आठवली तुमाला?”

निरांजन तसंच जळत राहिलं. तूप संपलं, वात काळी झाली. तिने पाट उचलला, होता तिथे उभा करून ठेवला, आणि माळ्यावर चढायला स्टूल मागितलं. तिचे ते गुडघे, आणि म्हणे स्टूल द्या. मीच चढलो. माळ्यावर ती गोणी होती. संस्थेकडे बाकीची सगळी जाळी गेली होती. ही तिने ठेवून घेतली होती.

त्या रात्रीपासून ती जाळं सांधायला बसली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, टाका ते, सांधून काय उपयोग, तुकडेच जास्त. मी पण म्हणालो. ती म्हणाली, “उचललंय. आता होतं तसं ठेवायला नको?”

सगळा हिवाळा ते चाललं. गॅलरीत जाळ्याचा वास सुटायचा. पहिल्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली, तेव्हा हिराने त्यांना त्यांच्या सुक्या बोंबलांच्या वासाची आठवण करून दिली. नवीन धागा जुन्याशी जुळेना म्हणून कोळीवाड्यातून कोणाकरवी जुना मागवला. बोटं फुटली. बोटांना तेल लावायची आणि परत बसायची. सुई डाव्या हातात. जे सैल पडलं ते उसवून परत करायची. मी टोक धरून असायचो, ओढा म्हटलं की ओढायचो. कधी कधी ती बडबडायची, मोरूला लहानपणी गोवर आला तेव्हाचं, बाप होडीतून पडला तेव्हाचं. आठवून बघतो तर चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आम्ही इतका वेळ एकत्र कधीच बसलो नव्हतो.

मी एकदा विचारलं, “नाही घेतलं त्याने तर?”

“घेईल.”

“आणि नाही घेतलं तर?”

“तर त्याच्या दारात टाकून येईन. मग तो काय करतो ते त्याचं. माझ्याकडून होतं तसं झालं.”

पण आवाज नाक्यापर्यंत गेला नाही. माझ्यापर्यंत कसाबसा आला.

स्मशानात मोरू आला होता. भिंतीजवळ उभा होता, लांब. त्याने खांदा दिला. तो कधी गेला ते कळलं नाही.

सकाळी मी उठलो तेव्हा आमची मुलगी जमिनीवर झोपली होती, डोंबिवलीवरून रात्रीच आलेली. दिवा जळत होता. फणसे वहिनींनी चहा आणून ठेवला होता, झाकून. मी चहा प्यायलो. मग गॅलरीत गेलो. जाळं कठड्याला तसंच बांधलेलं, सुई तशीच खोचलेली. मी सोडायला लागलो तर मुलगी उठून आली.

“बाबा, कुठे निघालात? सुतकात असं बाहेर...”

“सुकती आहे,” मी म्हटलं. “तू दिवा बघ.”

बसमध्ये जाळ्याची गोणी मांडीवर आणि निळ्या डब्याची पिशवी हातात घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, वास येतो, काका. मी म्हटलं, येणारच.

कोळीवाड्यात मोरू घराबाहेर बसला होता. त्या दिवशी त्याने होडी काढली नव्हती. मी गोणी त्याच्यापुढे उपडी केली. तो बघत राहिला. मग जाळं हातात घेतलं आणि जसे ते लोक बघतात तसं बोटांनी चाचपत गेला, गाठीमागून गाठ, घाई नाही. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. तिला त्याने हातानेच आत जायला सांगितलं.

बरंच झाल्यावर म्हणाला, “सगळ्या डाव्या गाठी.”

मी म्हटलं, “मला काय कळतं त्यातलं.”

“उलट्या पडतात डाव्या हाताच्या. बाबा मारायचे तिला याच्यासाठी. म्हणायचे, हिने विणलेलं आंधळ्याला पण ओळखू येईल.” तो भोकापाशी थांबला. बोटं आत घातली. “हे राहिलं?”

“हे सकाळी करणार होती.”

त्याने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग सुई काढून डोळ्यांजवळ नेली, धागा बघितला आणि एक टोक माझ्याकडे टाकलं.

“धरा, भावोजी.”

मी धरलं. त्याने उजव्या हाताने ते भोक बुजवलं. झटकन झालं. तो म्हणाला, एवढ्या पाच-सहा सुलट्या गाठी राहू देत आता तिथे. जाळं घडी घालून त्याने घरात नेलं. निळा डबा मी पिशवीतून काढून दिला, तोही घेतला. परत आला आणि माझ्यासमोर बसला. त्याची बायको चहा घेऊन आली, तो आम्ही प्यायलो.

उठताना मी म्हटलं, “तो खडक कुठला? खेकडीण होती तो.”

“टोकाचा. भिंतीवरून दिसतो.” मग म्हणाला, “मी येऊ?”

“नको.”

भिंतीपाशी गेलो. पाणी लांब गेलं होतं. काल कोणीतरी पोरं येऊन गेली असावीत, जवळच दोन-तीन दगड उपडे पडले होते, ओली बाजू वर, ऊन चढत होतं. मी नेहमीच्या जागी बसलो. थोडा वेळ बसलो. मग चपला काढल्या. धरायला कोणी नव्हतं. भिंतीवर ठेवल्या आणि खाली उतरलो.

पायाखाली बुळबुळीत लागलं. मागे फिरलो नाही. पहिल्या दगडापाशी गेलो आणि वाकलो. त्याच्यावर काय काय चिकटलं होतं, मला नावं ठाऊक नाहीत. एक एवढासा खेकडा होता, हलत होता. दगड जड निघाला. दोन्ही हातांनी उचलला, वळवला, आणि होता तसा ठेवला.